अब्बांची गाडी विकताना

डोळ्यांच्या डॉक्टरांनी अब्बांना माझ्यादेखत सांगितलं. डावा डोळा काचबिंदूनं गेला आहे, तो काही परत यायचा नाही. उजव्याची नजरही कडांनी आकसत चालली आहे, ती थेंब टाकून धरून ठेवू. आणि गाडी चालवणं आजपासून बंद. अब्बा शहाण्या पोरासारखी मान डोलावत होते. डॉक्टरांना सलाम केला, जिना उतरून खाली आले, खिशातून किल्ली काढली आणि मला म्हणाले, "बस." आणि मीही बसले. मी मराठी शाळेत शिकवते. माझ्या आवाजानं वर्गातली पोरं गार पडतात, आणि बापापुढे माझी ही गत. येरवड्यात घरापाशी गाडी थांबेपर्यंत मी पर्स छातीशी आवळून बसले होते.

अब्बांचं नाव मैनुद्दीन. जन्मभर एका कंपनीत ड्रायव्हर होते. साहेब लोकांना मुंबईला नेलं, आणलं, घाटात धुक्यातून काढलं, विमानतळावर पहाटे सोडलं. निवृत्त होताना कंपनीनं जुन्या गाड्या काढल्या, त्यातली जी पांढरी डिझेल गाडी ते स्वतः चालवायचे तीच त्यांनी घेतली. तेव्हाच ती भरपूर पळालेली होती, त्यात पुढची वर्षं आमच्या गल्लीनं तिला पळवली. कुणाची बाळंतीण दवाखान्यात न्यायची, कुणाचे व्याही स्टेशनावरून आणायचे, कुणाच्या म्हाताऱ्याला डायलिसिसला सोडायचं. डिझेल टाका आणि चला, एवढाच हिशोब. मीटर चार लाखांकडे झुकलं होतं आणि अब्बा ते लोकांना कौतुकानं दाखवायचे.

घरात आमची दख्खनी चालते. पण गाडीचा विषय निघाला की अब्बा मराठीत शिरतात, आणि तेही साहेबांच्या मराठीत, "आपण" आणि "कृपया" लावून. मागच्या सीटवर जन्मभर तीच भाषा बसलेली होती. त्यांना अभिमान एकाच गोष्टीचा होता. इतक्या वर्षांत त्यांच्या गाडीनं कुणाला साधं खरचटलंही नव्हतं. हे ते ईदला आलेल्या प्रत्येक पाहुण्याला ऐकवायचे, त्याच पाहुण्याला दर ईदला.

आता तुम्हीच सांगा, अशा माणसाला गाडी सोड म्हणून कसं सांगायचं? मी सांगितलं. आवाज चढवून सांगितलं, रडून सांगितलं, अम्मीला मध्ये घालून सांगितलं. अम्मी, म्हणजे मेहरुन, कपाळाला हात लावून म्हणाली की घरात बसवलंस तर हा माणूस आठ दिवसांत अंथरूण धरेल. मग मी किल्ली लपवली, तांदळाच्या डब्यात. तर दुसरी किल्ली त्यांच्या कमरेच्या करगोट्याला. मी डोक्याला हात लावला.

मला भीती अब्बांची वाटत नव्हती. म्हणजे वाटत होती, पण त्याहून जास्त भीती एका अनोळखी माणसाची वाटायची. तो अजून आम्हाला भेटलाच नव्हता. तो आपला गाडीच्या डाव्या बाजूनं मुकाट घरी चालला असेल, हातात भाजीची पिशवी असेल, आणि अब्बांना तो दिसणारच नाही. मी शाळेत फळ्यावर लिहीत असताना मला तो माणूस दिसायचा.

एकदा गाडीचा डावीकडचा आरसा तुटून आला. अब्बा म्हणाले की उभ्या गाडीला कुणीतरी धडक दिली. कुणी दिली, कुठे दिली, काही नाही. मी तुटक्या आरशाकडे बघत उभी राहिले. त्या दिवशी मी जेवले नाही, अम्मीही जेवली नाही, आणि मग अब्बांनी हात वर करून कबूल केलं, "ठीक आहे, विकू. पण विकेपर्यंत चालवणार."

मी लगेच जाहिरात दिली. "एकहाती वापरलेली, मालक स्वतः चालवणारे." पुण्यात जुनी गाडी विकायला याहून भारी वाक्य नाही. फोन धडाधड आले. मला वाटलं, चला, सुटलो.

कसलं सुटलो! पहिले आले ते पेठेतले श्यामसुंदर म्हणून एक निवृत्त गृहस्थ. त्यांनी रुमालात गुंडाळून लोहचुंबक आणलं होतं, पत्र्यावर फिरवून बघायला. जिथे चिकटणार नाही तिथे आत पुट्टी भरलेली, म्हणजे गाडी ठोकलेली. अब्बांनी ते चुंबक हातातून अलगद घेतलं. म्हणाले, "आपण कशाला त्रास घेता, मी दाखवतो ना." आणि मागच्या दाराचा नेमका तो कोपरा दाखवला जिथे चुंबक खाली पडलं. मग बॉनेटवर त्यांना हात ठेवायला लावला आणि समजावलं. गाडी बघायला याल तेव्हा इंजिन गार पाहिजे, गरम लागलं तर समजा मालकानं आधीच चालू करून ठेवलंय, गार इंजिनाची दुखणी त्याला लपवायची आहेत. मग गाडी चालू केली आणि मागे नेऊन धूर दाखवला. सुरुवातीचा जरासा निळा बघितलात? थोडं ऑइल जळतंय. मग पुढची मॅट उचलून खालचा गंज दाखवला, तोही बॅटरी लावून. श्यामसुंदरांनी चुंबक परत रुमालात गुंडाळलं आणि विचारलं, "अहो, आपण गाडी विकताय की तिची शोकसभा घेताय?" आणि चहा न घेता गेले.

दुसरे विश्रांतवाडीचे जयसिंग. त्यांना मीटर बघून धडकी भरली, तर अब्बा म्हणाले की मीटरकडे बघूच नका, मीटर कुणीही मागे फिरवतो. पॅडलचं रबर बघा, स्टिअरिंग कुठे गुळगुळीत झालंय ते बघा, ड्रायव्हरच्या सीटची कड बघा, त्यांना खोटं बोलता येत नाही. जयसिंग खूश झाले. म्हणाले, हा माणूस सच्चा आहे, व्यवहार करू. मी आत चहाला आधण ठेवलं. तेवढ्यात अब्बांनी त्यांना सांगितलं की इतकी पळालेली गाडी घेताना टायमिंग बेल्ट कधी बदललाय हे पहिलं विचारायचं, कारण तो तुटला तर इंजिनच बसतं. आणि आमचा बदलायला आलाय. आणि खालचे बुशही गेलेत. आणि गार असताना तिसरा गिअर कुरकुरतो. आधण तसंच राहिलं.

मी भडकले. जग गाड्या रंगवून विकतंय आणि माझा बाप गिऱ्हाईक पळवायचे क्लास घेतोय. मी म्हटलं, "अब्बा, तुम्हाला विकायचीच नाहीये." तर शांतपणे म्हणाले, "खोटं बोलून विकू?" आता यावर बोला काय बोलायचं ते. एक शब्द खोटा नव्हता, आणि सगळा माणूस लबाडी करत होता.

गिऱ्हाईक आलं की ट्रायल आलीच. आणि ट्रायलची रीत अशी की पहिली चक्कर मालक मारतो, गिऱ्हाईक शेजारी बसून बघतं, मग स्वतः चालवतं. म्हणजे जी गाडी अब्बांनी चालवू नये म्हणून विकायची, ती विकायला अब्बांनीच चालवायची. मी काय केलं, प्रत्येक ट्रायलला पुढे डावीकडे जाऊन बसले. गिऱ्हाइकाला मागे बसवायची, काहीतरी सबब सांगून. आणि तोंड चालू ठेवायची. अगंबाई, केवढ्या रिक्षा आज. हा बघा सायकलवाला कसा चाललाय कडेनं. कुत्रं किती गोड आहे ते, फुटपाथवरचं. लोकांना वाटायचं मास्तरीण फार बडबडी आहे. वाटू दे. अब्बा माझ्याकडे बघायचे नाहीत, पण मी रिक्षा म्हटलं की गाडी तसूभर उजवीकडे सरकायची. आम्ही दोघं त्यावर एक अक्षर बोललो नाही.

अशात शेजारचे दादामियाँ आले. त्यांच्या नाती साताऱ्याला लग्नाला जायच्या होत्या, रविवारी. अब्बा लगेच हो म्हणाले. सातारा, म्हणजे घाट, म्हणजे ट्रक, आणि मागे नटलेल्या पोरींची गाडीभर गडबड. त्या रात्री मला झोप लागली नाही. दादामियाँना जाऊन सांगावं असं दहादा मनात आलं आणि दहादा पाय उंबऱ्यातच अडले. बापाचा डोळा गेलाय हे गल्लीत मी सांगायचं? उद्या ते मशिदीत जाताना लोक हात धरायला लागतील. मला एवढंच कळत होतं की गाडी रविवारच्या आत गेली पाहिजे.

शनिवारी सकाळी हेमाताई आल्या. कर्वेनगरला त्यांची खानावळ आहे, कॉलेजच्या पोरांना डबे पोचवतात. त्यांची जुनी व्हॅन कायमची बसली होती आणि सोमवारपासून डब्यांना गाडी हवीच होती. फोनवरच मी त्यांना सांगून ठेवलं होतं की वडिलांची तब्येत बरी नाही, ट्रायल तुम्हीच घ्या. त्या म्हणाल्या, चालेल, मी रोज चालवते. मी मनात शुक्र मानला.

हेमाताईंनी आल्या आल्या रस्त्यावर वर्तमानपत्र पसरलं आणि साडीचा पदर खोचून गाडीखाली डोकं घातलं. अब्बा बघतच राहिले. त्यांनी नेहमीचा पाढा सुरू केला, निळा धूर, बुश, बेल्ट, पण ही बाई घाबरेना. बेल्ट बदलून घेऊ म्हणाली. धूर नवीन गाडीलाही उद्या येतो म्हणाली. उलट तिनंच विचारलं की ऑइलचं टोपण काढून बघू का. अब्बांनी इंजिन चालू ठेवून टोपण सैल करून दाखवलं. टोपण नाचलं नाही, जागच्या जागी थरथरत राहिलं, म्हणजे इंजिनात अजून जीव होता. क्लच बघायला हँडब्रेक ओढून तिसऱ्या गिअरवर क्लच सोडला, गाडी झटकन बंद पडली. क्लच चांगला असेल तर अशीच बंद पडते. अब्बांच्या चेहऱ्यावर मी किती दिवसांनी हसू बघितलं. त्यांना बाई आवडली. आणि तिथेच घात झाला, कारण आवडत्या गिऱ्हाइकाला त्यांना रीतसर ट्रायल द्यायची होती.

"पहिली चक्कर मी मारतो, ताई," अब्बा म्हणाले. मी मध्ये पडले, ताईंना घाई आहे, ताईच चालवतील. हेमाताई म्हणाल्या की नाही, बरोबर आहे, मलाही बघायचंय तिसरा गिअर ते कसा टाकतात. आणि दार उघडून पुढे बसल्या. मी म्हटलं, ताई, तुम्ही मागे बसा, मागे आरामशीर आहे. त्यांनी माझ्याकडे असं बघितलं की मीच ओशाळले. म्हणाल्या, "मला आराम नको, इंजिन ऐकायचंय."

मी मागे बसले, डावीकडच्या काचेला चिकटून. आळंदी रोडला लागलो आणि मी तोंड उघडलं. बाई बाई, बसेस किती. तो हातगाडीवाला बघा, अगदी कडेला आहे. हेमाताईंनी मागे न बघता हात वर केला आणि म्हणाल्या की जरा गप्प बसाल का, काहीच ऐकू येत नाहीये. आणि अब्बांनीही री ओढली. "नसीम, चूप. ताईंना ऐकू दे."

मी गप्प बसले. आयुष्यात एवढं गप्प बसणं मला कधी जड गेलं नव्हतं. हेमाताई मान तिरकी करून, डोळे मिटून इंजिन ऐकत होत्या. अब्बा सरळ समोर बघत होते, पाठ ताठ, दोन्ही हात स्टिअरिंगवर, जन्मभर बसले तसे. समोरचं त्यांना दिसत होतं, उजवीकडचं दिसत होतं. डावीकडे मी होते, आणि मला बोलायची बंदी. रिक्षा आली, गेली. शाळेची पोरं आली, मी पुढच्या सीटची पाठ धरली, पोरं मागे राहिली. म्हटलं, या अल्लाह, एवढी चक्कर निभावून ने, मग ही बाई गाडी घेईल, मग संपलं.

विश्रांतवाडीच्या अलीकडे अब्बांनी वळायला इंडिकेटर दिला. डावीकडे आत जाणारा रस्ता होता, तिथून फिरून परत यायचं. आरशात बघण्यासाठी त्यांनी मान जराशी वळवली, सवयीनं. आरसा नवा बसवला होता. त्यात बघणारा डोळाच नव्हता. आणि आमच्या डाव्या अंगाला, अगदी काचेपाशी, एक बाई सायकल हातात धरून चालली होती. कॅरिअरला दळणाचा डबा बांधलेला. अब्बांनी स्टिअरिंग वळवलं.

मी किंचाळले, "डावीकडे, अब्बा!"

गाडी जागच्या जागी थांबली. हेमाताईंचं डोकं डॅशबोर्डला लागता लागता राहिलं. डबा रस्त्यावर आपटला, झाकण उडालं आणि बॉनेटसमोर ज्वारीचं पीठ पसरलं. त्या बाईचा एक हात बॉनेटवर होता, दुसऱ्या हातात सायकल. ती उभी होती. मी पुन्हा पुन्हा बघितलं, ती उभीच होती.

आणि अब्बा समोर बघत मला विचारत होते, "काय झालं? टायर गेलं का?"

त्यांना अजूनही दिसलं नव्हतं. ती बाई डाव्या काचेवर थाप मारून ओरडायला लागली, डोळे फुटले का तुझे, माणसं दिसत नाहीत का. रस्त्यावर कुणीही कुणाला म्हणतं तसंच ती म्हणाली. अब्बांनी तेव्हा कुठे सगळी मान फिरवली आणि तिला बघितलं. हेमाताई तिला बघत नव्हत्या. त्या एवढ्या जवळून अब्बांकडे बघत होत्या, आणि अब्बांना ते कळेपर्यंत बराच वेळ गेला.

अब्बा खाली उतरले. त्या बाईपुढे हात जोडले, खाली बसून ओंजळीनं पीठ डब्यात भरायला लागले, वरवरचं, मातीला न लागलेलं. ती म्हणाली, राहू दे ते, आणि डबा घेऊन चालती झाली. अब्बा तसेच उकिडवे बसून राहिले. मी खाली उतरून त्यांच्या खांद्याला हात लावला. मला त्यांचा राग आला होता, आणि तेवढीच माया आली होती.

ते उठले, पँटला हात पुसले आणि हेमाताईंच्या काचेपाशी गेले.

"ताई, गाडीचं सगळं सांगितलं आपल्याला. माझं सांगायचं राहिलं. मला डाव्या डोळ्यानं दिसत नाही. गेले कित्येक महिने दिसत नाही."

 हेमाताई दार उघडून उतरल्या, पलीकडे जाऊन ड्रायव्हरच्या सीटवर बसल्या, सीट पुढे ओढून घेतली आणि म्हणाल्या, "बसा काका. घरी सोडते तुम्हाला. गाडी मी घेतली."

अब्बा उघड्या दारापाशी उभेच. मला म्हणाले, दादामियाँना सांग, उद्या दुसरी गाडी बघा म्हणावं. का ते मी सांगतो त्यांना, तू नको सांगूस. मी हो म्हटलं आणि मागे जाऊन बसले. मग ते आत बसले, हळूच, परक्याच्या गाडीत बसावं तसे, गुडघे जवळ घेऊन.

मागून हॉर्न वाजायला लागले होते. हेमाताई म्हणाल्या, काका, बेल्ट लावा. अब्बांनी उजवा हात सवयीनं उजव्या खांद्याकडे नेला. तिथे बेल्ट नव्हता. या बाजूचा बेल्ट डाव्या खांद्यावरून येतो, हे जन्मभर दुसऱ्यांना सांगत आलेल्या माणसाला आठवेना, कारण त्या सीटवर ते एकदाही बसले नव्हते. मग डावा हात उचलून ते चाचपडायला लागले. दाराच्या काचेवर, सीटच्या कडेवर, खांबावर. पट्टा त्यांच्या कानापाशी लोंबत होता आणि हात सगळीकडे जात होता, तेवढा तिथे जात नव्हता. हेमाताई समोर बघत बसल्या, गाडी न्यूट्रलला ठेवून. त्यांनी घाई केली नाही.

मी मागून हात पुढे घातला, पट्टा ओढला आणि अब्बांच्या बोटांत दिला.